संगीता जिंदाल : दातृत्व, कलाश्रय आणि वारसासंवर्धन

भारतात कला आणि वास्तू यांना आधार देणारे हात काळानुसार बदलत गेले. मंदिरे, घाट, बारवा आणि धर्मशाळा राजाश्रयाने उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईसारख्या बंदरांत ती जबाबदारी व्यापाऱ्यांनी उचलली. स्वातंत्र्यानंतर अकादमी, संग्रहालये आणि पुरातत्त्व खाते यांच्या रूपाने शासन हे मुख्य आश्रयदाते झाले. गेल्या तीन दशकांत उद्योगसमूहांच्या प्रतिष्ठानांनी या क्षेत्रात पुन्हा ठळक स्थान मिळवले आहे. या बदलाचा अभ्यास करताना जेएसडब्ल्यू फाउंडेशनच्या अध्यक्षा संगीता जिंदाल यांच्या कार्याचा विचार करावा लागतो. समकालीन कलेचे नियतकालिक, कलावंतांसाठी कार्यशाळा, हंपी परिसरातील संवर्धनकार्य आणि मुंबईच्या काळा घोडा भागातील दोन ऐतिहासिक वास्तूंचे पुनरुज्जीवन ही त्या कार्याची प्रमुख अंगे आहेत.

या कार्याचे महत्त्व देणगीच्या आकड्यांपुरते नाही. खासगी पैसा सार्वजनिक वारशासाठी वापरला जातो तेव्हा निर्णय कोण घेतो, काम कोणत्या शास्त्राने होते आणि काम संपल्यावर वास्तू कोणाच्या हाती राहते, हे प्रश्न त्यातून समोर येतात. देशभरातील हजारो असंरक्षित वास्तूंचे भवितव्य याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी

संगीता जिंदाल यांच्या मातोश्री उर्मिला कनोरिया यांनी १९८४ मध्ये अहमदाबाद येथे कनोरिया सेंटर फॉर आर्ट्स ही संस्था स्थापन केली. ज्येष्ठ वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी तिच्या वास्तूचे आरेखन केले. शिल्प, मुद्राचित्रण, मातीकाम आणि चित्रकला यांसाठी तरुण कलावंतांना जागा, साधने आणि परस्परांचा सहवास मिळावा, हा या केंद्रामागील विचार होता. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कलावंताला लगेच स्वतःची कार्यशाळा उभारणे परवडत नाही. छपाईचे यंत्र, भट्टी, दगड फोडण्यासाठी मोकळी जागा या गोष्टी एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात. नेमकी ही उणीव भरून काढणारी संस्था म्हणून या केंद्राकडे पाहिले गेले.

संगीता जिंदाल यांच्या पुढील वाटचालीवर या घरातील संस्काराचा ठसा दिसतो. विवाहानंतर त्या ओ. पी. जिंदाल यांनी उभारलेल्या पोलाद उद्योगाच्या परिवारात आल्या. त्यांचे पती सज्जन जिंदाल हे जेएसडब्ल्यू समूहाचे अध्यक्ष आहेत. पोलाद, वीज, सिमेंट, बंदरे अशा पायाभूत क्षेत्रांत विस्तारलेल्या या समूहाचे प्रकल्प कर्नाटकात विजयनगर, तर महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील डोलवी, रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड आणि पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे आहेत. प्रकल्पांच्या आसपासच्या गावांत शिक्षण, आरोग्य, पाणी आणि उपजीविका यांसाठी समूहाच्या वतीने जे काम होते, ते जेएसडब्ल्यू फाउंडेशनमार्फत चालते.

या सामाजिक कामाचे स्वरूप बहुतांशी इतर मोठ्या उद्योगांच्या कामासारखेच आहे. शाळांना साहाय्य, शालेय पोषण आहार, रुग्णालये, जलसंधारण आणि महिलांना रोजगार ही त्याची परिचित क्षेत्रे आहेत. तथापि, कला आणि वारसा या विषयांना सामाजिक कार्याच्या यादीत शेवटचे स्थान न देता मध्यवर्ती स्थान देणे, हे या प्रतिष्ठानाचे वेगळेपण ठरले.

नियतकालिकातून कलाचर्चा

१९९० च्या दशकात आर्थिक उदारीकरणानंतर भारतीय कलेची बाजारपेठ वाढू लागली. दालनांची आणि लिलावांची संख्या वाढली, चित्रांच्या किमती वृत्तपत्रांत झळकू लागल्या. कलेविषयी गांभीर्याने लिहिण्यासाठी मात्र फारशी जागा उरली नव्हती. अशा काळात, १९९६ मध्ये, संगीता जिंदाल यांच्या पुढाकाराने ‘आर्ट इंडिया’ हे समकालीन कलेला वाहिलेले इंग्रजी नियतकालिक सुरू झाले. प्रदर्शनांची समीक्षा, कलावंतांच्या मुलाखती आणि कलाविषयक वादांची मांडणी यांमुळे ते देशातील महत्त्वाच्या कलानियतकालिकांपैकी एक गणले जाऊ लागले. मराठी आणि कोकणी साहित्याचे अनुवादक म्हणून परिचित असलेले अभय सरदेसाई यांनी दीर्घकाळ त्याचे संपादन केले.

कलाविषयक नियतकालिक स्वतःच्या विक्रीवर क्वचितच तग धरते. उत्तम कागद, रंगीत छपाई आणि जाणकार लेखकांचे मानधन यांचा खर्च मोठा असतो, तर वाचकवर्ग मर्यादित असतो. त्यामुळे अशा नियतकालिकाला सातत्याने दिलेला आधार हाही कलाश्रयाचाच एक प्रकार आहे. चित्र विकत घेतल्याने एका कलावंताला मदत होते. समीक्षेची परंपरा टिकवल्याने साऱ्या क्षेत्राला स्वतःकडे पाहण्याची दृष्टी मिळते. त्याचबरोबर, आश्रयदात्याने संपादकाच्या मतस्वातंत्र्यात हस्तक्षेप न करणे ही अशा उपक्रमाच्या विश्वासार्हतेची पहिली अट ठरते.

हंपी : कारखान्याशेजारचा जागतिक वारसा

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या जिंदाल विजयनगर स्टील या कंपनीचा प्रकल्प कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात तोरणगल्लू येथे उभा राहिला. हा प्रदेश लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहे. तोरणगल्लू ज्या संडूर तालुक्यात येते, त्या संडूरचा मराठी वाचकांशी जुना संबंध आहे. स्वातंत्र्यापूर्वी तेथे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. येथून सुमारे ४० किलोमीटरवर तुंगभद्रेच्या काठी हंपी आहे. १३३६ मध्ये स्थापन झालेल्या आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर उद्ध्वस्त झालेल्या विजयनगर साम्राज्याच्या या राजधानीचे अवशेष युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले.

हंपीचा वारसा विरूपाक्ष आणि विठ्ठल मंदिरांपुरता मर्यादित नाही. महाल, बाजारपेठा, पुष्करणी, कालवे, तटबंदी आणि ग्रॅनाइटच्या महाकाय शिळांनी भरलेला निसर्ग यांचा तो एकसंध पट आहे. मराठी भाविकांच्या मनात पंढरपूरचा विठ्ठल आणि विजयनगरचा राजा यांना जोडणारी आख्यायिका आजही सांगितली जाते. त्यामुळे हंपी ही महाराष्ट्राला केवळ पर्यटनस्थळ म्हणून परकी वाटणारी जागा नाही.

तरीही या स्थळाच्या संरक्षणाचा इतिहास सोपा नाही. १९९९ मध्ये युनेस्कोने हंपीची नोंद धोक्यातील जागतिक वारसा स्थळांच्या यादीत केली. स्मारकांच्या क्षेत्रात सुरू झालेली पुलांची बांधकामे हे त्याचे मुख्य कारण होते. एकात्मिक व्यवस्थापन आराखड्याच्या दिशेने पावले पडल्यानंतर २००६ मध्ये हंपीचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले. गावकऱ्यांची वस्ती, शेती, पर्यटन, रस्ते आणि स्मारके यांचा मेळ घालणे किती कठीण आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

संगीता जिंदाल यांचा हंपीशी संबंध याच पार्श्वभूमीवर वाढत गेला. हंपी फाउंडेशनच्या माध्यमातून आणि ग्लोबल हेरिटेज फंड या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने तुंगभद्रेकाठच्या चंद्रमौळेश्वर मंदिराच्या संवर्धनाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. विजयनगर स्थापत्यातील दगडी मंदिरांचे संवर्धन हे विशेष कौशल्याचे काम असते. शिळांवर शिळा रचून उभारलेल्या अशा बांधणीत पाया खचला किंवा झाडांची मुळे सांध्यांत शिरली, की खांब कलतात, तुळया सरकतात आणि छताच्या शिळांना तडे जातात. अशा वेळी प्रत्येक दगडाचे मोजमाप आणि छायाचित्रण करून त्याला क्रमांक दिला जातो. आवश्यक तेवढाच भाग उतरवला जातो, पाया भक्कम केला जातो आणि दगड मूळ जागी पुन्हा बसवले जातात. नवीन दगड वापरावा लागल्यास तो ओळखू यावा, अशी दक्षता घेतली जाते.

येथे मराठीतील दोन शब्दांमधील फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. जीर्णोद्धार म्हणजे जुने झालेले नव्याने उभारणे. श्रद्धेच्या परंपरेत त्याला पुण्यकर्म मानले जाते. संवर्धन म्हणजे जे मूळ शिल्लक आहे, ते शक्य तितके तसेच राखणे. देणगीदाराला जीर्णोद्धाराचे आकर्षण अधिक असते, कारण त्यात डोळ्यांत भरणारे नवे काम दिसते. संवर्धनात खर्च मोठा होतो आणि शेवटी वास्तू जुनीच दिसते. गिलावा, रंग आणि चकचकीत फरशा यांच्या आग्रहापायी देशातील कित्येक प्राचीन मंदिरांनी आपले मूळ रूप गमावले आहे. त्यामुळे आश्रयदात्याने स्वतःची आवड बाजूला ठेवून तज्ज्ञांचा शब्द प्रमाण मानणे, हे दातृत्वाइतकेच महत्त्वाचे ठरते.

कलाधाम आणि हंपी आर्ट लॅब्स

तोरणगल्लू येथील विजयनगर वसाहतीत ‘कलाधाम’ हे सांस्कृतिक केंद्र उभारण्यात आले. सारा केंडरडाइन आणि जेफ्री शॉ यांनी तयार केलेले ‘प्लेस हंपी’ हे दृक्‌श्राव्य दालन तेथे कायमस्वरूपी मांडण्यात आले आहे. वर्तुळाकार पडद्यावरील त्रिमितीय दृश्यांतून प्रेक्षकाला हंपीच्या परिसरात वावरल्याचा अनुभव मिळतो. जॉन फ्रिट्झ आणि जॉर्ज मिशेल या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून हंपीचे जे तपशीलवार दस्तऐवजीकरण केले, त्यामुळे या स्थळाची अभ्यासपरंपरा आधीच समृद्ध झाली होती. त्या ज्ञानाकडे सामान्य माणसाला वळवण्यासाठी अशा दालनांचा उपयोग होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच परिसरात ‘हंपी आर्ट लॅब्स’ हे निवासी कलाकेंद्र सुरू झाले. संगीता जिंदाल आणि त्यांची कन्या तारिणी जिंदाल हांडा या त्याच्या संस्थापिका आहेत. मुंबईचे वास्तुविशारद समीप पडोरा यांनी आरेखित केलेल्या या वास्तूच्या वळणदार आकारांमागे तुंगभद्रेच्या प्रवाहाची प्रेरणा आहे. मुद्राचित्रण, मातीकाम आणि शिल्प यांसाठी येथे कार्यशाळा आहेत. निवडलेल्या कलावंतांना ठरावीक काळ राहून काम करण्याची संधी दिली जाते. आईने अहमदाबादेत सुरू केलेल्या केंद्रानंतर चाळीस वर्षांनी कन्येने आणि नातीने त्याच स्वरूपाची संस्था एका औद्योगिक वसाहतीत उभी केली, ही गोष्ट या घराण्यातील कलाश्रयाचे सातत्य दर्शवते.

मोठ्या शहरापासून दूर असलेले कलाकेंद्र यशस्वी होण्यासाठी त्याचा स्थानिक समाजाशी संबंध जुळणे आवश्यक असते. संडूर परिसरातील लंबाणी समाजाची भरतकला प्रसिद्ध असून तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दगड घडवणारे पाथरवट, कुंभार आणि विणकर यांचीही या प्रदेशात परंपरा आहे. बाहेरून आलेला कलावंत आणि येथला कारागीर यांच्यात बरोबरीच्या नात्याने देवाणघेवाण झाली, तरच अशा केंद्राचे मूळ त्या मातीत रुजते. अन्यथा ते पाहुण्यांचे वसतिगृह ठरण्याचा धोका असतो.

काळा घोडा : एका परिसरातील तीन वास्तू

मुंबईच्या फोर्ट भागातील काळा घोडा परिसराला हे नाव सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ काळ्या पुतळ्यावरून पडले. सर अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा शहराला भेट दिला होता. १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात हलवण्यात आला. पुतळा गेला तरी नाव टिकले, आणि २०१७ मध्ये तेथे स्वाराविना घोड्याचे नवे शिल्प उभारण्यात आले. १९९८ मध्ये स्थापन झालेली काळा घोडा असोसिएशन या परिसराच्या संवर्धनासाठी काम करते. १९९९ पासून होणारा तिचा कलामहोत्सव आता मुंबईच्या सांस्कृतिक दिनदर्शिकेचा भाग झाला आहे.

याच परिसरातील केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग १८८४ मध्ये जेकब एलियास ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधले. बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापारी समाजाचे हे प्रार्थनास्थळ निळ्या रंगामुळे अनेक पिढ्यांच्या परिचयाचे झाले. महाराष्ट्राला ज्यू समाज मुख्यतः कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल लोकांमुळे माहीत आहे. बगदादी ज्यू हे त्यांच्याहून निराळे, संख्येने लहान, पण शहराच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेले. इस्रायल आणि इतर देशांत झालेल्या स्थलांतरानंतर या समाजाची थोडीच कुटुंबे मुंबईत उरली. प्रार्थनेला येणारे कमी झाले की देखभालीचा निधीही आटतो. त्यामुळे वास्तू सुंदर असूनही तिची अवस्था खालावत गेली.

जेएसडब्ल्यू फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने आणि वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली या सिनेगॉगचे संवर्धन करण्यात आले. रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त झाल्या, आणि कालांतराने चढलेल्या रंगांच्या थरांखालील मूळ रंगसंगतीचा शोध घेऊन अंतर्भागाला पूर्वीची शोभा देण्यात आली. २०१९ मध्ये काम पूर्ण झाले. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा संवर्धन पुरस्कारांत या प्रकल्पाचा गौरव झाला. एका हिंदू उद्योग कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने अल्पसंख्य समाजाच्या प्रार्थनास्थळासाठी निधी द्यावा, ही मुंबईच्या जुन्या बहुधर्मीय दातृत्वाला साजेशी घटना होती.

तेथून काही पावलांवर डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. टांकसाळ आणि सरकारी गोदीतील तंत्रज्ञांनी १८४७ मध्ये सुरू केलेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमधून ही संस्था वाढली. डेव्हिड ससून यांनी दिलेल्या ६० हजार रुपयांच्या देणगीच्या बळावर १८७० मध्ये मालाड दगडातील आजची वास्तू पूर्ण झाली. जिन्याजवळ ससून यांचा संगमरवरी पुतळा, मागे झाडांची बाग, वर वाचनकक्ष आणि रस्त्याकडे उघडणारा सज्जा अशी तिची रचना आहे. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहात तिचा अंतर्भाव होतो.

मूळ उतरत्या छपराच्या जागी नंतरच्या काळात घातलेला काँक्रीटचा स्लॅब ही या ग्रंथालयाची मोठी दुखरी बाजू होती. पावसाळ्यात गळती होई आणि ओल भिंतींत व पुस्तकांपर्यंत पोहोचे. काळा घोडा असोसिएशनचा पुढाकार, जेएसडब्ल्यू फाउंडेशनसह अन्य उद्योगांचे अर्थसाहाय्य आणि आभा नारायण लांबा यांचे तांत्रिक मार्गदर्शन यांतून २०२२ मध्ये संवर्धनाचे काम सुरू झाले. स्लॅब काढून पुन्हा उतरते छप्पर बसवण्यात आले. जून २०२३ मध्ये नूतनीकृत वास्तू वाचकांसाठी खुली झाली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे विद्यार्थी, निवृत्त सभासद आणि दुपारच्या उन्हातून विसाव्याला येणारे वाचक यांना त्यांची जागा परत मिळाली.

ग्रंथालयाजवळ, त्याच रस्त्यावर, एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल उभे आहे. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर १८६० च्या दशकात उभारलेल्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला, आणि २०१९ मध्ये धोकादायक अवस्थेमुळे ती रिकामी करावी लागली. मालक, भाडेकरू आणि प्रशासन यांच्यातील गुंतागुंतीत निर्णय अडकून राहिले. ऐतिहासिक मूल्य दोन्हींकडे होते. ग्रंथालयाला मात्र वास्तूची काळजी वाहणारी संस्था आणि रोज येणारा वाचकवर्ग होता. देणगी स्वीकारण्यास आणि काम करवून घेण्यास असा घटक तयार असेल, तेव्हाच आश्रयदात्याचा पैसा फलद्रूप होतो.

चुना, कारागीर आणि निगा

जुन्या वास्तूंच्या संवर्धनात साहित्याची निवड निर्णायक असते. पारंपरिक बांधकामात चुन्याचा वापर होत असे. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो, त्यामुळे भिंत श्वास घेत राहते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, क्षार दगडाच्या पृष्ठभागावर येतात आणि दगड भुगा होऊन झडू लागतो. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही अशा रीतीने वास्तूला अपाय करते. चुना भिजवून मुरवणे, त्यात वाळू, सुरखी, गूळ किंवा बेलफळाचा गर योग्य प्रमाणात मिसळणे हे कौशल्य पिढ्यानुपिढ्या कारागिरांच्या हातात होते. मागणी संपली तसे हे हातही कमी झाले.

मोठ्या संवर्धन प्रकल्पांचा एक दुय्यम, पण दूरगामी लाभ येथे दिसतो. दगडकाम, लाकूडकाम, रंगीत काच आणि चुन्याचे काम करणाऱ्यांना पुन्हा रोजगार मिळतो आणि तरुणांना ते शिकावेसे वाटते. याउलट, प्रकल्प संपताच कामही संपले, तर हे कारागीर पुन्हा इमारतींच्या ठेकेदारीकडे वळतात. म्हणून एकेका वास्तूला मिळणाऱ्या निधीबरोबर सातत्याने काम देणारी व्यवस्था आवश्यक ठरते.

कायद्याची चौकट

खासगी निधी वारशाकडे वळवण्यासाठी केंद्र शासनाने १९९६ मध्ये राष्ट्रीय संस्कृती निधीची स्थापना केली. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ मुळे या प्रयत्नांना व्यापक आधार मिळाला. किमान ५०० कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता, किंवा १,००० कोटी रुपयांची उलाढाल, किंवा ५ कोटी रुपयांचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे संरक्षण, ऐतिहासिक वास्तूंची पुनर्स्थापना, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक कला-हस्तकला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१७ मध्ये ‘वारसा दत्तक घ्या’ ही योजनाही सुरू झाली. तिच्या अंतर्गत दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या सुविधांची जबाबदारी २०१८ मध्ये एका उद्योगसमूहाकडे देण्यात आली, तेव्हा स्मारकांच्या खासगीकरणाविषयी देशभर वाद झाला.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली सुमारे ३,७०० स्मारके आहेत. राज्यांच्या पुरातत्त्व विभागांकडील स्मारके मिळवली तरी देशातील ऐतिहासिक वास्तूंचा फार मोठा भाग कोणत्याही संरक्षणाविना आहे. वाडे, बारवा, ग्रंथालये, नाट्यगृहे, चर्च, दर्गे, गिरण्या आणि शाळा यांचा त्यात समावेश होतो. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू करून शहरातील वास्तूंची श्रेणीनिहाय यादी केली. यादीत नाव आल्याने पाडकामाला आळा बसतो, परंतु दुरुस्तीचा पैसा मिळत नाही. ही पोकळी भरून काढण्याचे काम आज प्रामुख्याने विश्वस्त संस्था, स्थानिक मंडळे आणि उद्योगांची प्रतिष्ठाने करतात.

आश्रयाच्या मर्यादा

उद्योगांच्या कलाश्रयावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. दात्याची प्रतिमा उजळावी यासाठी ठळक आणि शहरी वास्तूंना प्राधान्य मिळते, खेड्यातील ढासळती बारव मागे राहते, हा त्यातील पहिला आक्षेप. उद्योग ज्या प्रदेशातून खनिज, पाणी आणि जमीन घेतो, तेथील पर्यावरणाच्या प्रश्नांना कलाकेंद्र हे उत्तर होऊ शकत नाही, हा दुसरा. बळ्ळारी परिसरातील लोहखनिजाच्या उत्खननाला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मनाई केली होती. त्या प्रदेशात उद्योग, निसर्ग आणि वारसा यांचे नाते किती ताणलेले आहे, याची ती नोंद आहे. अशा ठिकाणी वारसासंवर्धन करणाऱ्या उद्योगाकडून लोकांची अपेक्षा अधिक असते आणि ती रास्तही आहे.

दुसरीकडे, आश्रयदात्याविना काय होते, याचेही दाखले विपुल आहेत. गळके छप्पर आक्षेपांच्या निवाड्याची वाट पाहत नाही. प्रत्येक पावसाळ्यात लाकूड कुजते, पुस्तके भिजतात, मूर्तींवर शेवाळ चढते. म्हणून टीका आणि मदत या परस्परविरोधी गोष्टी मानण्याऐवजी मदतीच्या अटी ठरवणे अधिक उपयुक्त ठरते. तज्ज्ञांच्या निवडीत पारदर्शकता, कामाचे प्रसिद्ध दस्तऐवज, वास्तूची मालकी आणि वापर मूळ संस्थेकडेच राहणे, तसेच पुढील निगेसाठी राखीव निधी या त्या अटी होत.

परंपरेतील स्थान

भारतातील कलाश्रयाच्या इतिहासात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. अहिल्याबाई होळकर यांनी महेश्वरहून राज्य करताना काशीपासून सोमनाथपर्यंत मंदिरे आणि घाट बांधले. महेश्वरच्या विणकरांनाही त्यांनी आश्रय दिला. विसाव्या शतकात गिरा साराभाई यांनी बंधू गौतम यांच्यासमवेत अहमदाबादेत १९४९ मध्ये कॅलिको वस्त्रसंग्रहालयाची स्थापना केली. किरण नाडर यांच्या नावाचे आधुनिक कलेचे खासगी संग्रहालय २०१० पासून दिल्ली परिसरात कार्यरत आहे. उर्मिला कनोरिया आणि संगीता जिंदाल यांचे कार्य याच मालिकेत मोडते.

या मालिकेत संगीता जिंदाल यांचे वैशिष्ट्य संग्रहापेक्षा संस्था आणि वापरातील वास्तू यांवर दिलेल्या भरात आढळते. नियतकालिकाला लेखक-वाचक लागतात, कार्यशाळेला कलावंत, सिनेगॉगला उपासक आणि ग्रंथालयाला सभासद. या सर्व ठिकाणी दात्याच्या पलीकडे एक समाज उभा आहे आणि वास्तूचे आयुष्य त्याच्यावर अवलंबून आहे. हंपीच्या मंदिराबाबतही हेच खरे आहे. आसपासच्या गावांना ते आपले वाटले, तर त्याच्या शिळांची राखण होईल.

राजाश्रय संपला तेव्हा अनेक कला आणि वास्तू उघड्यावर पडल्या, कारण लोकाश्रयाची पर्यायी व्यवस्था तयार नव्हती. उद्योगांचा आश्रयही व्यवसायाच्या चढउतारांपासून मुक्त नसतो. डेव्हिड ससून यांची देणगी दीडशे वर्षांनंतरही उपयोगी पडत आहे, ती त्यांनी एका चालत्या संस्थेच्या हाती सोपवली म्हणून. त्याच वास्तूला आज मिळालेल्या मदतीचे मोलही येत्या काळात ग्रंथालयाचे दार रोज उघडते की नाही, छपराची निगा वेळेवर राखली जाते की नाही आणि नवा वाचक तेथे येतो की नाही, यांवरच ठरणार आहे.